थ्रॉटल बॉडी पुसताना प्लेटला बोट लावू नका

सिग्नलला पेट्रोल गाडीचा आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वरखाली होत असेल, तर आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, बघा. इंजिन थंड हवं. एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपचा क्लॅम्प सैल करून पाइप बाजूला केला, की गोल प्लेट दिसते. समोरून ती बरेचदा स्वच्छच असते. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागाच्या, तेलकट वाफेची काळी चिकट काजळी कडेला आणि मागच्या अंगाला बसते.

थ्रॉटल बॉडी क्लीनर आत न फवारता कापडावर मारून पुसा. कार्बोरेटर क्लीनर नको, आतलं कोटिंग जाऊ शकतं. प्लेट केबलवर चालत असेल तर केबल ओढून उघडा. इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटाने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटू शकतात. इंजिन बंदच ठेवून इग्निशन चालू करा आणि दुसऱ्याला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगा. त्याचा पाय निसटला तर प्लेट खटकन मिटते, म्हणून आत बोटं नाहीत. जुन्या टूथब्रशला कापड गुंडाळा.

नंतर आयडल चढाच राहिला तर घाबरू नका. प्लेट इलेक्ट्रॉनिक असेल तर काजळीमुळे अडणारी हवा भरून काढायला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ती थोडी जास्त उघडी ठेवत होता. एसी बंद करून १० मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा. तरी उतरला नाही तर आधी क्लॅम्प घट्ट आहे का ते पाहा, मग स्कॅनरने रीलर्न करून घ्या, म्हणजे ईसीयूला आयडल पुन्हा शिकवून घ्या.