एकच फ्लाय रॉड घ्यायचा असेल तर
हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात किंवा काश्मिरात ट्राउट माशांसाठी जाणार असाल, तर 9 फुटी, 5 वेटचा रॉड घ्या. वेट म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी (दोरीसाठी) बनवलाय त्याचा आकडा. लहान ओढ्यापासून मध्यम नदीपर्यंत तो चालून जातो. फ्लाय रॉडच्या मासेमारीत वजन असतं ते लाइनला. आमिष म्हणून लावलेली पिसांची खोटी माशी (फ्लाय) तिच्यामागून नुसती ओढली जाते. म्हणून 5 वेटच्या रॉडला लाइनही 5 वेटचीच लावा. जुळणी चुकली की महागडा रॉडही काठीसारखा वागतो. फार ताठ रॉड नवशिक्याला झेपत नाही, दुकानदार काहीही म्हणो. मध्यम लवचिक बघा. चार तुकड्यांचा असला की प्रवासात सोपा. महसीर या मोठ्या माशाला मात्र 8 वेट किंवा त्याहून भारी हवा. रीलवर (लाइन गुंडाळायच्या चाकावर) फार खर्च नको, वाचलेले पैसे चांगल्या लाइनवर घाला.