मास्टर प्लॅन करायचाय? मग इमारती शेवटी काढा

मास्टर प्लॅनिंगमध्ये, म्हणजे अख्ख्या कॅम्पसचा किंवा वसाहतीचा आराखडा करण्याच्या कामात, यायची इच्छा असलेली मुलं पोर्टफोलिओ घेऊन येतात, तेव्हा मी इमारती बघतच नाही. दोन इमारतींच्या मधल्या जागेचं काय केलंय ते बघते. आपला हात तिथेच चालतो. इमारती पुढे भलतेच लोक काढणार असतात.

सुरुवात कंटूरच्या, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाने करा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं हे आधी निळ्या पेनने काढा, आणि तो पट्टा कोणी कितीही गळ घातली तरी बांधकामाला देऊ नका. पावसाळ्यात एकदा तरी साइटवर जाऊन या, नकाशात नसलेले ओहोळ तेव्हा दिसतात.

नंतर पायवाटा. माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर चालतो. दोन लेक्चरच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी असेल, तर वर्गाबाहेर पडणं, जिने आणि पुन्हा जागेवर बसणं यात निम्मी जाते. म्हणजे लेक्चर हॉल, लायब्ररी, प्रयोगशाळा ४०० मीटरच्या आतच हव्यात, चढ असेल तर त्याहून जवळ. कानपूर आयआयटीचा नकाशा मिळवून बघा. आर्किटेक्ट अच्युत कानविंदेंनी तिथे लायब्ररी आणि विभाग पादचारी मार्गांनी जोडले आणि गाड्या त्या मार्गांपासून दूर ठेवल्या.

आता खरं अवघड काम: टप्पे. कॅम्पस उभा राहायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि तुमच्या प्लॅनवर सही करणारे संचालक तोवर निवृत्त झालेले असतात. जमीन अडवून ठेवायची म्हणून क्लायंट चार कोपऱ्यांत चार इमारती मागतो. ठाम नाही म्हणा. पहिल्या बॅचला अर्धवट रस्ते तुडवत हिंडायला लावू नका. पहिल्या टप्प्यात एकच चौक करा, पण तो पुरा करा: सावली, बसायला कट्टे, जेवायची सोय, सगळं. दुसरा टप्पा कधीच आला नाही तरी ती जागा अपुरी वाटता कामा नये.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाची स्पर्धा १९६३ साली आर्थर एरिक्सन आणि जेफ्री मॅसी यांनी जिंकली. प्लॅन त्यांचा, पण बऱ्याच इमारती स्पर्धेत मागे पडलेल्या आर्किटेक्टना दिल्या गेल्या. तरी कॅम्पस एकसंध राहिला, कारण छत असलेला मधला मॉल (पायी चालायची रुंद मोकळी जागा) आणि सगळ्यांना जोडणारा कणा आधीच पक्का होता. म्हणून नकाशासोबत नियमही लिहा: इमारत रस्त्यापासून किती मागे, दार कोणत्या बाजूला, उंची किती. पानं थोडीच ठेवा. जाडजूड नियमावली कपाटातच राहते.

वसाहतीत तर लोकच बांधतात. इंदूरच्या अरण्य वसाहतीत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी गरजूंना लहान प्लॉट, जोतं, पाणी आणि संडास दिला. वरचं घर ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे वाढवलं.

नोकरीबद्दल थोडंच सांगते. रेंडरिंग, म्हणजे इमारतींची हुबेहूब चित्रं करणं, शिकलात तर काम लगेच मिळतं, पण तिथेच अडकायला होतं. सेक्शन (उभा छेद) काढायला, क्षेत्रफळाचा तक्ता जुळवायला आणि ड्रेनेजच्या इंजिनिअरशी भांडायला शिका. संधी मिळाली तर एखाद्या कॅम्पसच्या देखभाल विभागात काही काळ काम करा. कुठली वाट कोणी वापरत नाही आणि कुठलं चेंबर दरवर्षी तुंबतं, हे तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं. आणि स्वतंत्र काम घ्याल तेव्हा दर पाच वर्षांनी प्लॅनचा फेरआढावा घ्यायचं कलम, त्याच्या फीसकट, करारात पहिल्याच दिवशी घालून घ्या.