शहराचा कागद शोधताना विषय नको, खातं शोधा

'शुक्रवार पेठेचा पाणीपुरवठा' असं चिठ्ठीवर लिहून पुण्याच्या दफ्तरखान्यात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात दिलं, तर बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. कागद नसतात म्हणून नव्हे, चिठ्ठी चुकलेली असते म्हणून. ग्रंथालयातली पुस्तकं विषयवार लावलेली असतात. दफ्तरखान्यातले कागद ज्या कचेरीने निर्माण केले, त्या कचेरीच्या शिस्तीने लावलेले असतात. तिथे 'पाणी' नावाचं कपाट नसतं. म्हणून शोधाला लागण्याआधी स्वतःला विचारायचं, की त्या साली हे काम कोणाच्या गळ्यात होतं?

पाण्याचंच उदाहरण घेऊ. कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. त्याचा खर्च, हौदांची डागडुजी, कामगारांची मजुरी हे सगळं पेशव्यांच्या हिशेबात शोधायचं. १८१८ नंतर पुणं इंग्रजांकडे गेलं, तेव्हा कलेक्टर आणि त्याच्या वरचा कमिशनर. नगरपालिका आली १८५८च्या सुमारास, म्हणजे तिथून पुढे तिचे ठराव आणि वार्षिक अहवाल. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं, ते काम सार्वजनिक बांधकाम खात्याचं आणि त्याचा मोठा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात. लष्कर भागाला पाणी किती द्यायचं हा वाद असेल तर लष्करी खातं. एकाच शहराच्या पाण्याचे कागद पाच ठिकाणी पडलेले असतात. कागदाच्या पाठी लागण्याआधी अशी साल आणि खात्याची जोडी एका पानावर मांडून घ्या. या कामाला दोन दिवस लागले तरी ते वाया जात नाहीत.

आधी ग्रंथालय, मग दफ्तर

हा क्रम उलटा करू नका. छापील साधनांत जे मिळतं ते मोडी कागदात शोधत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

मराठी छापील पुस्तकांसाठी पहिली पायरी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला खंड १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांचा. मांडणी विषयवार आहे, त्यामुळे 'पुणे' एवढाच शब्द धरून न बसता स्थानिक इतिहास, आरोग्य, चरित्रं, संस्थांचे अहवाल असे चार-पाच विभाग चाळा. शहराबद्दलची अमोल माहिती एखाद्या व्यापाऱ्याच्या चरित्रात किंवा शाळेच्या पन्नास वर्षांच्या अहवालात दडलेली असते. नोंद सापडली की लेखक, साल, छापखाना आणि सूचीतला क्रमांक चारही उतरवून घ्या. एकाच नावाची दोन पुस्तकं निघतात, तेव्हा छापखान्याचं नावच कामाला येतं.

मग ती पुस्तकं मिळवायची. १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर, सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय या चार ठिकाणी बहुतेक काम भागतं. नारायण विष्णु जोशी यांचं १८६८ सालचं पुण्याचं वर्णन आणि मंडळाचं 'पुणे नगर संशोधन वृत्त' ही दोन आधी वाचा. पेठा, वाडे, देवळं, घाट यांची जुनी नावं कानावर पडली, की पुढचे कागद परके वाटत नाहीत.

इंग्रजीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड. तो १८८५चा, तीन भागांत आहे आणि पुणे शहर तिसऱ्या भागात आहे. बहुतेक जण मजकूर वाचून पुस्तक मिटतात. खरा ऐवज तळटिपांत असतो. मजकूर कोणत्या सरकारी अहवालातून घेतला, त्याचं साल आणि 'सिलेक्शन्स' या सरकारी अहवालांच्या छापील मालेतला त्याचा रोमन आकडा तिथे दिलेला असतो. तळटिपांची वेगळी यादी केली, की दफ्तरखान्यात मागायच्या कागदांची निम्मी यादी तयार होते. मात्र गॅझेटिअर ही राज्यकर्त्यांनी कारभारासाठी केलेली नोंद आहे, हे विसरू नका. जातींची वर्णनं तर तिथून जशीच्या तशी कधीच उचलू नयेत. १९५४ची सुधारित आवृत्ती शेजारी ठेवली, तर काय गाळलं आणि काय बदललं तेही कळतं.

विसाव्या शतकासाठी धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी (दोन भाग, १९४५ आणि १९५२) आणि तिच्यानंतरची १९५६ची फेरपाहणी यांना पर्याय नाही. त्यांतले आकडे उचलण्याआधी पद्धतीचं प्रकरण वाचा. किती कुटुंबं निवडली, शहराची हद्द कुठवर धरली, 'कमावता' कोणाला म्हटलं, हे कळल्याशिवाय दोन पाहण्यांची तुलना करता येत नाही.

नावं आणि हिज्जे

शोध फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. पेठांची नावं बदललेली आहेत. बुधवार म्हणजे मोहियाबाद, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, सोमवार म्हणजे शहापूर, मंगळवार म्हणजे अष्टपुरा, शुक्रवार म्हणजे विसापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ, रास्ता पेठ म्हणजे शिवपुरी. रविवाराला आदितवार म्हणत. शिवाजीनगर शोधायचं तर भांबुर्डे मागा. इंग्रजी कागदांत पुणं 'पूना', 'पूनाह', 'पुनाह' अशा हिज्ज्यांनी येतं, खडकी 'किरकी' होते, मुठा 'मूटा' होते. 'पुणे' हा इंग्रजी हिज्जा सरकारी झाला तो १९७८ साली.

इंटरनेटवरच्या स्कॅन प्रतींत हा त्रास दुप्पट होतो. यंत्राने वाचलेल्या मजकुरात पुसट टाइपाचं अक्षर चुकतं, आणि जुन्या मराठीत 'पुणें', 'पाणी पुरवठा', 'म्युनिसिपालिटी', 'मुनसिपालटी' असे अनेक हिज्जे आहेत. 'पुणे' टाकून काही सापडलं नाही तर 'पुणें' अनुस्वारासह टाका, शब्द तोडून पाहा. तरीही नाही मिळालं तर अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनी वाचा. शोधपेटीत निकाल आला नाही, याचा अर्थ मजकूर नाही असा होत नाही.

पेशवे दफ्तरात

पुणे पुराभिलेखागारातला, म्हणजेच पेशवे दफ्तरातला मोडी कागदांचा साठा कोट्यवधी कागदांचा आहे. कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि मागणी रुमालाच्या क्रमांकानेच करायची असते. एकेका रुमालात शेकडो कागद निघतात. रोजकीर्द म्हणजे दैनंदिन जमाखर्च आणि हुकमांची नोंद, घडणी म्हणजे त्याच खर्चाची बाबवार जुळणी, प्रांत अजमास म्हणजे प्रांतांचे अंदाज व हिशेब. शहरातल्या बांधकामासाठी आधी घडणी पाहावी. तिथे बाब सापडली की तारीख मिळते, मग त्या तारखेची रोजकीर्द मागवावी. उलट दिशेने गेलात तर महिने जातील.

त्याआधी छापून आलेले वेचे नजरेखालून घाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ दरम्यान पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. पण ती निवड आहे आणि निवडणाऱ्याची नजर राजकारणावर होती. नळ, गटार, पेठेचा कोतवाल, बाजारातला भाव यांना तिथे जागा कमीच मिळाली. शहराच्या अभ्यासकाला मूळ रुमाल सोडून गत्यंतर नाही, ते यासाठीच.

मोडी शिकावी लागते. पुराभिलेख खातं आणि भारत इतिहास संशोधक मंडळ दोन्ही ठिकाणी वर्ग चालतात. अक्षरं ओळखायला दोनेक आठवडे पुरतात, पण धावत्या हस्ताक्षराला काही महिन्यांचा रोजचा सराव लागतो. ओळीची शिरोरेषा आधीच आखलेली असते, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. फसगत मुख्यतः आकड्यांत होते. १२॥ म्हणजे साडेबारा, । म्हणजे पाव, ॥। म्हणजे पाऊण. पण त्याच दोन उभ्या रेघा शब्दाचा संक्षेप दाखवायलाही येतात. नि॥ म्हणजे 'निसबत' (च्या संबंधात), तिथे अर्धा काही नाही. जमिनीच्या कागदात २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. रुपयाही एक नव्हता. कोणत्या सिक्क्याचा ते लिहिलेलं असतं, ते टिपणात घेतलं नाही तर दोन वर्षांच्या किमतींची तुलना पोकळ ठरते.

तारखांवर वेगळा वेळ द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवायचे. पानिपत पौष शुद्ध ८, शके १६८२ ला झालं. ७८ मिळवले तर १७६० येतं, प्रत्यक्षात ती १४ जानेवारी १७६१. पेशव्यांच्या कागदांत शुहूर सन ही वेगळी कालगणना असते आणि तिचं वर्ष अरबी शब्दांत, एकक आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. फसली सन, म्हणजे महसुली हिशेबाचा सन, शुहूरापेक्षा ९ ने पुढे, म्हणजे तिथे ५९० किंवा ५९१. राज्याभिषेक शकासाठी १६७३ किंवा १६७४. महिना मुसलमानी आणि तारखेआधी 'छ' असेल तर तोंडी हिशेब करू नका, कारण चांद्र महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. जंत्री, म्हणजे तारखा जुळवून दिलेले तयार तक्ते, वापरा. शिवकाळासाठी खरे जंत्री, पेशवाईसाठी मोडक जंत्री उघडा. टिपणात मूळ तारीख जशी आहे तशी आणि शेजारी काढलेली तारीख, दोन्ही लिहा. चूक झाली तर ती परत शोधता येते.

वृत्तपत्रं

पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून, 'दीनबंधु' १८७७ पासून, 'केसरी' आणि 'मराठा' १८८१ पासून, 'सकाळ' १९३२ पासून. पान पान चाळण्याआधी तारीख हवी. त्यासाठी देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी साप्ताहिक अहवाल वापरा. त्यांत इंग्रजीत गोषवारा, पत्राचं नाव आणि अंकाची तारीख असते. १८९७च्या प्लेगसारख्या विषयाला हा मार्ग फार उपयोगी पडतो. पण गोषवाऱ्यावर थांबू नये. सरकारला जे खुपलं तेच त्यात आलं, पेठेतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार आली नाही. एकाच घटनेसाठी निदान दोन वेगळ्या वळणांची पत्रं पाहा, 'केसरी' आणि 'दीनबंधु' एकाच शहराकडे एकाच डोळ्याने पाहत नव्हते.

मैला वाहणारे, भाडेकरू, मोलकरणी, फेरीवाले यांचा आवाज दफ्तरात थेट येत नाही. तक्रार, दंड, पट्टी वसुली किंवा नोकरीवरून कमी केल्याची नोंद असेल तेवढाच. त्यामुळे दंडाच्या याद्या आणि पगारपत्रकं कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

जनगणना आणि हद्द

'पुण्याची लोकसंख्या' असं म्हणताना कोणतं पुणं, हे आधी ठरवा. नगरपालिका, पुणे लष्कर आणि खडकी लष्कर यांचे आकडे जुन्या तक्त्यांत वेगळे असतात. कधी ते एकत्र देतात, कधी नाही. १५ फेब्रुवारी १९५० ला महापालिका झाली तेव्हा उपनगर नगरपालिका आत आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आत आली. हद्द न तपासता काढलेला वाढीचा आलेख नवी माणसं दाखवत नाही, नकाशावरची रेघ सरकलेली दाखवतो. तक्त्याखालच्या टिपा वाचल्याशिवाय आकडा घेऊ नका.

जमिनीचे कागद

वाड्याचा किंवा भूखंडाचा इतिहास हवा असेल तर नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका. इथे घोटाळा क्रमांकांचा. महापालिकेचा घर क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि नगर रचना योजनेतला अंतिम भूखंड क्रमांक हे तीन वेगळे आकडे आहेत. कोणता हातात आहे हे ठाऊक नसताना अर्ज केला तर भलत्याच मिळकतीची पत्रिका मिळते. शहराभोवतालच्या गावांसाठी सातबारा पुरेसा नाही. मागे जायचं तर फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि कडईपत्रक (जमिनीचं जुनं नोंदपत्रक) मागा. त्याहून मागे जायचं असेल तर सर्व्हे सेटलमेंटचे अहवाल आहेत. ती मोजणी आणि आकारणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातूनच सुरू झाली, त्यामुळे पुणे जिल्ह्यासाठी ही माहिती इतर जिल्ह्यांहून जुनी मिळते.

वाचनकक्षात

पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं शिफारसपत्र न्या. फोटो काढता येतात का आणि त्याचं शुल्क किती, हे काउंटरवर विचारून घ्या. नियम जागोजागी वेगळे आहेत. शाईचं पेन पिशवीत राहू द्या, पेन्सिल वापरा. पान उलटताना बोट ओलं करू नका. रुमालातला क्रम बिघडवू नका, कारण पुढचा माणूस त्याच क्रमाने कागद शोधणार असतो. घडीवर फाटायला आलेला कागद स्वतः उलगडायला जाऊ नका, कर्मचाऱ्याला सांगा.

फोटो काढायला परवानगी असेल तर प्रत्येक रुमालाचा पहिला फोटो त्याच्या चिठ्ठीचा, म्हणजे क्रमांकाचा काढा. नंतर कागदांचे. त्याच संध्याकाळी फोल्डरला नाव द्या, त्यात संस्था, दफ्तर, रुमाल क्रमांक आणि पाहिल्याची तारीख. आठवड्याने बसलात तर कोणता कागद कोणत्या रुमालातला हे आठवत नाही, आणि संदर्भाशिवायचा फोटो प्रबंधात वापरता येत नाही. टिपणातही संदर्भ याच क्रमाने लिहा, शेवटी मूळ तारीख जोडा, आणि कागदातले शब्द अवतरणात, तुमचा अर्थ अवतरणाबाहेर. एखाद्या रुमालात काहीच सापडलं नाही तर तेही क्रमांकासह नोंदवून ठेवा, म्हणजे तोच रुमाल दोन महिन्यांनी पुन्हा मागवला जात नाही.