हायब्रिडचा लाल त्रिकोण लागला तर आधी मागची जाळी बघा

गेल्या मे महिन्यात आमच्या हायब्रिड गाडीने (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात मागच्या सीटखालून घर्रर्र आवाज यायला लागला. आईला वाटलं, मी एसी वाढवलाय. दोन वळणं गेली आणि समोर लाल त्रिकोण, ‘हायब्रिड सिस्टिम तपासा’.

वर्कशॉपमध्ये बॉनेटही न उघडता सांगितलं, "बॅटरी गेली, साहेब." मी म्हटलं, आधी स्कॅनर लावा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र. कोड निघाला पी०ए७ई, म्हणजे बॅटरी तापली. बॅटरी पॅक खराब असल्याचा कोड वेगळा, पी०ए८०. तो आला तरी बॅटरीतल्या प्रत्येक ब्लॉकचं (सेलच्या गटाचं) व्होल्टेज बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर काही म्हणता काही सापडत नाही.

बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी केबिनमधल्याच हवेने थंड होते. ती हवा ओढणारी जाळी मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते. आमच्या जाळीवर आईची गोधडी आणि तिला टेकून आंब्याच्या पेट्या! पंखा बिचारा जीव तोडून फिरत होता. गाडी बंद करून जाळी क्लिपांवरून ओढली, तर आतल्या फिल्टरवर धागे, कुत्र्याचे केस आणि तांबडी धूळ यांचा नमद्यासारखा थर. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करा, आत पाणी मारू नका. नारिंगी वायरी जास्त व्होल्टेजच्या, त्यांना तर हातच लावायचा नाही.

दिवे एकदम सगळेच लागले, एबीएस, स्टिअरिंग, ब्रेक, आणि गाडी ‘रेडी’ (म्हणजे चालू होऊन निघायला तयार) होईना, तर संशय छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. गाडी काही तास बंद असताना मल्टिमीटर लावा: १२.६ च्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. ‘रेडी’मध्ये साधारण १४ दिसायला हवं. गाडी उभीच असते त्यांनी आठवड्यातून अर्धा तास ‘रेडी’मध्ये ठेवावी, पण उघड्यावर, इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं, बंद गॅरेजमध्ये धूर कोंडतो. जंप स्टार्ट दुसऱ्याकडून घ्या, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याला देऊ नका.

लाल दिव्यासोबत पॉवर कमी झाली किंवा तापमानाचा इशारा आला, तर बाजूला थांबा आणि फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, बोलवा. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढली तर मोटर फिरत राहते, आणि मग खर्च खरोखरच मोठा होतो.