अलोहा क्लासिक कशी पाहावी आणि तिचे जुने निकाल कसे वाचावेत

हवाईतल्या माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पाइया गावाजवळच्या होओकिपा इथे 1980च्या दशकापासून अलोहा क्लासिक ही विंडसर्फिंगची, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून खेळण्याची, स्पर्धा भरते आहे. लाटेवर स्वार होण्याच्या कौशल्यात या स्पर्धेइतका मान क्वचितच दुसऱ्या कुठल्या स्पर्धेला असेल. पण नुसती विजेत्यांची यादी वाचून तिचा इतिहास हाती लागत नाही. तिथला वारा, लाट आणि खडक समजले की कोण का जिंकलं हे उलगडायला लागतं. म्हणून सुरुवात जागेपासून करा.

किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे तोंड केलंत की ईशान्येचा व्यापारी वारा उजव्या हाताकडून येतो. म्हणजे खेळाडू बाहेर जाताना स्टारबोर्ड टॅकवर असतो (वारा त्याच्या उजव्या बाजूने) आणि लाट पकडून आत येताना पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने). लाटेवर तो तुमच्या डावीकडे सरकत जातो आणि त्याच बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, होओकिपाचे प्रसिद्ध खडक आहेत. वारा बाजूने असल्यामुळे लाटेकडे तोंड ठेवून उतारावरून पळता येतं; यालाच डाउन द लाइन म्हणतात. कॅनरी बेटांवरच्या पोसोमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे वारा डावीकडून येतो, म्हणून खेळाडू पोर्ट टॅकवर उड्या मारतो आणि स्टारबोर्ड टॅकवर लाटेवर येतो. पोसोत वाढलेल्या खेळाडूला होओकिपात सगळं उलट्या अंगाने करावं लागतं. तिथले विश्वविजेते इथे सुरुवातीच्याच फेरीत बाहेर पडलेले दिसले तर आधी ही गोष्ट आठवा.

आता ऋतू. स्पर्धा बहुतेक ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात ठेवतात. व्यापारी वारे उन्हाळ्यात सर्वांत भरवशाचे असतात, उत्तर प्रशांत महासागरातल्या वादळांच्या मोठ्या लाटा मात्र हिवाळ्यात येतात. दोन्ही एकत्र मिळण्याची शक्यता या मधल्या आठवड्यांत चांगली असते. पण चांगली म्हणजे पक्की नव्हे, म्हणून एक ठरलेली तारीख न देता वाट पाहण्याचा काळ जाहीर करतात.

थेट प्रक्षेपण पाहायचं असेल तर काउआईच्या वायव्येला खोल समुद्रात असलेल्या 51001 क्रमांकाच्या बॉयच्या, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या, नोंदी पाहा. हिशेब सोपा आहे: लाटांच्या आवर्तनकाळाला (लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांना) दीडने गुणलं की लाटांच्या गटाचा वेग नॉटमध्ये मिळतो. आवर्तनकाळ 15 सेकंद असेल तर वेग सुमारे 22.5 नॉट, म्हणजे ताशी 41-42 किलोमीटर. बॉयपासून माउई साधारण 700 किलोमीटरवर आहे, म्हणून लाटा पोचायला सुमारे 17 तास लागतात. मग माउईजवळच्या पौवेला इथला 51205 हा बॉय पाहून खात्री करा. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, लाटा पश्चिमेकडे झुकलेल्या असतील तर मोलोकाई बेट त्यांना अडवतं, आणि बाहेर मोठा आकडा असूनही होओकिपात लाट लहान राहते. दुसरी चूक मोजमापाची. हवाईत लाटेची उंची मागच्या बाजूने सांगायची जुनी पद्धत आहे. तिथला माणूस 6 फूट म्हणाला तर समोरचा उतार ढोबळमानाने त्याच्या दुप्पट धरा.

हीट, म्हणजे काही खेळाडूंची ठरावीक वेळेची एक लढत, पाहताना आकाशातल्या उड्या मोजू नका. होओकिपाच्या या स्पर्धेत भर लाटेवरच्या स्वारीवर असतो. बाहेर जाताना मारलेला डबल लूप (हवेतल्या दोन कोलांट्या) दिसायला देखणा असला तरी त्याला गुण देणारा आराखडा त्या दिवशी लागू असेलच असं नाही, म्हणून जाहीर केलेला आराखडा आधी वाचा. एका लाटेला 0 ते 10 गुण असतात आणि बहुधा खेळाडूच्या सर्वोत्तम 2 लाटा धरतात. समजा, एकाकडे 7.5 आणि 6.2 आहेत, बेरीज 13.7. पुढच्या लाटेला 9.0 मिळाले तर 6.2 गळतात आणि बेरीज 16.5 होते. कागदावर प्रत्येकाचे दोन आकडे लिहा, त्यातला लहान आकडा अधोरेखित करा. कोणाला किती हवेत हे कळलं की शेवटच्या पाच मिनिटांतली घालमेल आपोआप समजते.

गुण कशाला मिळतात? पहिल्यांदा बॉटम टर्न पाहा. लाटेच्या तळाशी बोर्ड कडेवर घालून, शीड पाण्याजवळ आडवं करून घेतलेलं हे वळण जितकं खोल, तितकं वरचं वळण उभं येतं. मग बोर्ड लिपला, म्हणजे लाटेच्या कोसळणाऱ्या वरच्या कडेला, नेमका कुठे भिडला ते पाहा. लाट फुटत असलेल्या जागी, कोसळत्या लिपखाली घेतलेलं वळण सर्वांत धोक्याचं आणि म्हणून सर्वांत मोलाचं. त्याच खेळाडूने दहा मीटर पुढे, मऊ उतारावर तितकंच पाणी उडवलं तर गुण बरेच कमी. एरियल (लाटेवरून हवेत घेतलेली झेप) किंवा गॉइटर (लिपवरून हवेत घेतलेली गिरकी) जोखमीच्या जागी मारून लाटेवरच परत उतरला आणि वेग न गमावता पुढचं वळण घेतलं, तर आकडा वर जातो. गॉइटर ही युक्ती मार्क अँग्युलोची, माउईच्या लाटांवर घडलेली. लाटेच्या मागे उतरला किंवा फेसात अडकला, तर युक्ती कितीही अवघड असो, स्वारी तिथेच संपते.

लाट निवडणं ही निम्मी लढाई. एकामागोमाग येणाऱ्या लाटांच्या संचातली पहिली लाट घेऊन पडलं की मागच्या चार लाटा अंगावर येतात. होओकिपात त्याचा अर्थ फार वाईट असतो: शीड पाण्यात, बोर्ड खडकांकडे. लिप शिडावर कोसळली तर मास्ट (शिडाचा खांब) मोडतो. म्हणून बोर्ड आणि शिडाचा दुसरा पूर्ण जोडलेला सेट घेऊन मदतनीस किनाऱ्यावर तयार असतो. पोहत परत येऊन सेट बदलण्यात हीटची बरीच मिनिटं जातात, आणि हीट साधारण 20 ते 30 मिनिटांचीच असते. अनुभवी खेळाडू आधी एक बऱ्यापैकी लाट खात्यात टाकतो आणि मगच बाहेर थांबून मोठीची वाट पाहतो. नऊची लाट मिळेल म्हणून थांबून एकाच लाटेवर हरलेले नामवंत खेळाडू इथे कमी नाहीत.

लाटेचा हक्क कोणाचा, यावरही वाद होतात. नौकानयनाच्या नियमांतली रीत अशी: किनाऱ्याकडे येताना त्या लाटेच्या लगेच पुढे जो आधी असेल, लाट त्याची. कोण आधी हे ठरवता येत नसेल, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याची. आणि आत येणाऱ्याने बाहेर जाणाऱ्याला वाट द्यायची.

साहित्यावरूनही काळ ओळखता येतो. 1980च्या दशकात माउईवर असममित बोर्ड चालत: एक कड उड्यांसाठी, दुसरी पोर्ट टॅकवरच्या वळणांसाठी घडवलेली. होओकिपाचा वारा एकाच बाजूचा असल्यामुळेच ही कल्पना सुचली. आजचे बोर्ड आखूड, समान कडांचे आणि 3 किंवा 4 फिनचे (तळाला लावलेल्या परांचे). आकारमान लिटरमध्ये खेळाडूच्या किलोतल्या वजनाच्या आसपास किंवा थोडं जास्त असतं. किनाऱ्याजवळ आणि लाटेच्या आडोशाला वारा पडतो. फार लहान बोर्ड तिथे बुडतो आणि पुढची लाट त्याच्यावर फुटते. शिडं बहुतेकदा 4.2 ते 5.3 चौरस मीटर, मास्ट कमी व्यासाचा.

जुने निकाल वाचताना एक प्रश्न आधी विचारा: त्या वर्षी ही स्पर्धा कोणत्या मालिकेत होती? सुरुवातीच्या व्यावसायिक काळात स्लालम आणि कोर्स रेसिंग या शर्यती आणि लाटा यांची गुणसंख्या एकत्र करून एकूण विजेता ठरत असे. ब्योर्न डुंकरबेकची 1988 ते 1999 अशी सलग 12 विश्वविजेतेपदं याच एकूण गणतीतली आहेत. 1976 साली, वयाच्या 13व्या वर्षी विश्वविजेता झालेला रॉबी नेश 1988, 1989 आणि 1991 मध्ये लाटांचा विश्वविजेता होता. म्हणजे एकाच वर्षी दोन वेगळे 'जगज्जेते' दिसले तर यादी चुकलेली नाही, गणती वेगळी आहे. 1997 आणि 1998 ची लाटांची विजेतेपदं जेसन पोलाकोची. 1990च्या दशकात व्यावसायिक खेळाडूंची संघटना म्हणून पीबीएच्या जागी पीडब्ल्यूए आली. 2010 नंतर अलोहा क्लासिक अमेरिकन विंडसर्फिंग टूरशी जोडली गेली, आणि त्याच टूरची पुढे इंटरनॅशनल विंडसर्फिंग टूर झाली. काही वर्षी ती पीडब्ल्यूएच्या क्रमवारीतही धरली गेली, काही वर्षी नाही. त्यामुळे अलोहा क्लासिकचा विजेता आणि त्या वर्षाचा विश्वविजेता यांना एकच समजू नका.

जुनं चित्रीकरण मिळालं तर आवाज बंद करून पाहा. प्रत्येक लाटेला स्वतः गुण द्या, मग परीक्षकांचे आकडे बघा. दिवसाच्या पहिल्या चार-पाच लाटांवर तुमची पट्टी परीक्षकांच्या पट्टीशी जुळवून घ्या, कारण बाकीच्या लाटा ते याच लाटांशी ताडून मोजतात.