द्राक्षबागेत स्वतःचा प्रयोग कसा घ्यावा

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळकडच्या कृषी सेवा केंद्रांत द्राक्षांच्या औषधांच्या नव्या बाटल्या लागतात. कुणी मण्याची लांबी वाढवणारी, कुणी फुगवण आणणारी, कुणी लवकर साखर भरवणारी. एखादा बागायतदार ती अख्ख्या एकरावर मारतो, माल झकास येतो आणि बाटलीचं नाव गावभर होतं. त्या वर्षी हवामानाने साथ दिली, विरळणीची (घडातले जादा मणी काढण्याची) टोळी चांगली मिळाली, हे कुणी धरत नाही. बाटली न मारलेली एकही वेल बागेत नसेल, तर बाटलीने नेमकं काय केलं हे सांगायला कुणाकडेच आधार नसतो. म्हणून थोड्या वेली मुद्दाम कोऱ्या ठेवायच्या. सगळा प्रयोग अडीच गुंठ्यांत बसतो.

प्रश्न एकच ठेवा

'ही बाटली चांगली आहे का' हा प्रश्न नव्हे. 'नेहमीच्या जीए डिपिंगच्या द्रावणात ही बाटली मिसळली तर मण्याची लांबी वाढते का', हा प्रश्न झाला. (जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक; डिपिंग म्हणजे त्याच्या द्रावणात घड बुडवणं.) काय मोजायचं ते आधीच वहीत लिहून ठेवा: लांबी, घडाचं वजन किंवा साखर. बेदाण्याचा माल असेल तर साखर धरा, कारण साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि हा उतारा साखरेवर ठरतो. माल निघाल्यावर मोजायची गोष्ट बदलली, तर काहीतरी वाढलेलं सापडतंच.

वेली निवडा

कुठलीच बाग सगळीकडे सारखी नसते. वर मुरूम, खाली काळी माती. ड्रिपच्या सुरुवातीला दाब जास्त, शेवटी कमी. रस्त्याकडच्या ओळीवर धूळ. बांधालगतच्या ओळी सोडून द्या. उरलेल्या बागेत सहा जागा अशा निवडा, की प्रत्येक जागेत माती, पाणी आणि खोडाची जाडी सारखी दिसेल. एक जागा दुसरीपेक्षा वेगळी असली तरी चालेल, किंबहुना असावीच. प्रत्येक जागेत एकाच ओळीतले पाच-पाच वेलींचे दोन शेजारी गट धरा. एकूण वेली साठ. नऊ बाय पाच फुटांच्या लागणीत एकरी सुमारे 968 वेली बसतात, म्हणजे बाजूला काढायच्या त्या शंभरातल्या सहाच.

चिठ्ठी टाका

दोनपैकी कोणत्या गटाला बाटली द्यायची हे स्वतः ठरवू नका. मन नकळत तजेलदार वेलींकडे ओढतं. प्रत्येक जागेवर उभं राहून नाणं उडवा. 1919 साली इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांत चिठ्ठीचा हा नियम पक्का रुजवला, आणि कृषी विद्यापीठांतले प्रयोग आजही त्याच पायावर चालतात.

बाटलीच्या गटाला लाल नाडी, कोऱ्या गटाला पांढरी. कोरा गट म्हणजे सोडून दिलेला गट नव्हे. त्यालाही त्याच दिवशी, त्याच पाण्यातलं, त्याच मात्रेचं जीए द्यायचं. फक्त बाटली वगळायची. खत, पाणी, भुरी-डाऊनी या रोगांच्या फवारण्या, घडांची संख्या, विरळणी, सगळं दोन्हीकडे सारखं. विरळणीला मात्र लक्ष ठेवा. सकाळी लाल गट आणि संध्याकाळी दमलेल्या हातांनी पांढरा, असं झालं तर प्रयोग तिथेच बिघडतो. एका जागेचे दोन्ही गट एकाच बाईकडे द्या.

मोजणी

पाच वेलींपैकी कडेच्या दोन सोडा. फवारा शेजारी उडतोच. मधल्या तीन वेलींवर मणी सेटिंग झाल्यावर (फुलातून मणी धरल्यावर) प्रत्येकी पाच घडांना चिठ्ठ्या बांधून ठेवा. तोडणीच्या वेळी घड निवडायला गेलात तर लालमधले देखणे घडच हाती येतात. प्रत्येक घडातून दहा मणी घ्या: तीन खांद्यावरचे, चार मधले, तीन शेंड्याचे. खांद्याचे मणी सहसा आधी गोड होतात, त्यामुळे नुसते वरचे मणी चाखून साखर ठरवू नये. लांबी व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये घ्या. साखरेसाठी मणी चुरून रस एकत्र करा आणि रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं उपकरण) आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घ्या. पिशव्यांवर रंग न लिहिता नुसते आकडे टाका. कोणता आकडा कोणत्या गटाचा ते घरातलं दुसरं कुणीतरी लिहून ठेवेल. मोजणाऱ्याला कळता कामा नये.

निकाल वाचणं

सगळ्या लाल गटांची एक सरासरी आणि पांढऱ्यांची एक काढून मोकळं होऊ नका. आधी प्रत्येक जागेतला फरक वेगळा मांडा. समजा सहा जागांचे फरक दोन, एक, उणे एक, तीन, उणे दोन, एक मिलिमीटर असे आले. सरासरी बाटलीच्या बाजूने जाते खरी, पण दोन जागी ती हरली आहे, म्हणून यावर पैसे लावू नयेत. सहाही जागी लाल गट पुढे असेल तर गोष्ट वेगळी. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा छापा पडण्याची शक्यता चौसष्टात एक असते, तेव्हा एवढा फरक नुसत्या नशिबाने आला असं म्हणणं अवघड. मग एकरी खर्च काढा आणि तेवढ्या लांबीने पेटीला दर किती वाढून मिळतो ते व्यापाऱ्याला विचारा. दर वाढत नसेल तर लांब मणी बघायलाच बरे.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घेतलेल्या प्रयोगाला घाई चालत नाही. घड काडीवरच्या डोळ्यात (कळीत) तयार होतो तो त्याच काळात, पण दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघाल्यावर. म्हणून उन्हाळ्यातल्या खताचा किंवा सबकेनचा (शेंडा मारून काढलेल्या उपकाडीचा) प्रयोग असेल तर नाड्या पावसाळाभर टिकल्या पाहिजेत. सुतळी कुजते, प्लॅस्टिकची पट्टी बांधा आणि वहीत ओळ व वेल क्रमांकाने नकाशाही काढा.

वेगळी काडी दिसली तर

याच पद्धतीने नवी काडीही पारखता येते. तास-ए-गणेश ही जात थॉमसन सीडलेसमधून निवडली गेली ती तासगाव तालुक्यातच, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्याकडून. एखाद्या वेलीवर एकच काडी लांब मण्यांची आली तर तिला खूण करा, पण लगेच नाव ठेवू नका. त्या काडीचे डोळे आणि त्याच वेलीवरच्या साध्या काडीचे डोळे, दोन्ही एकाच दिवशी डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटांवर पाचर कलमाने भरा. कलमं जोडीजोडीने शेजारी ठेवा, बाजू नाण्याने ठरवा. फळावर आल्यावर निदान दोन हंगाम मोजा. फरक प्रत्येक जोडीत टिकला तर काडी खरंच वेगळी. नाही टिकला तर मूळ वेलीला त्या जागी खत-पाणी किंवा ऊन जास्त मिळालं असणार.

बाटलीचा प्रयोग दुसऱ्या वर्षी पुन्हा घ्यायचा असेल तर तो वेगळ्या वेलींवर घ्या आणि नाणं नव्याने उडवा. मागच्या हंगामातल्या औषधाचा परिणाम वेलीत उरलेला असू शकतो.