बदामी, पट्टदकल, ऐहोळे : घरच्यांसोबत जाताना गाईड कसा ठरवावा

कर्नाटकातल्या बदामीच्या सहलीत गाईडचा विचार गाडी ठरवतानाच करावा. तिकीट खिडकीपाशी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. बदामीहून पट्टदकल सुमारे २२ किलोमीटर, तिथून ऐहोळे आणखी १३-१४. तिन्ही ठिकाणं एकाच माणसाकडून पाहायची तर तो दिवसभर तुमच्याच गाडीत असणार. सात जणांची गाडी घरच्या सात जणांनीच भरली असेल, तर त्याने बसायचं कुठे? मग मुलांना मांडीवर घेणं, डिकीत कोंबणं, नाहीतर गाईडने मोटारसायकलवरून मागोमाग येणं असे प्रकार होतात आणि पेट्रोलचे पैसे कुणी द्यायचे यावरून दिवसाची सुरुवातच बिघडते. एक सीट मोकळी ठेवा, तीही शक्यतो ड्रायव्हरशेजारची. वाटेत तो सांगत असतो, ते मागच्यांनाही ऐकू यायला हवं.

दुसरी अडचण परतीची. बहुतेक गाईड बदामीत राहणारे असतात. तुम्ही ऐहोळे पाहून तसेच हंपीकडे किंवा सोलापूरकडे निघणार असाल, तर संध्याकाळी त्याने बदामीला परत जायचं कसं? हे फोनवरच बोलून घ्या. त्याच्या बसचे किंवा रिक्षाचे पैसे वेगळे द्या, नाहीतर क्रम उलटा लावा: सकाळी आधी ऐहोळे, मग पट्टदकल, शेवटी बदामी आणि मुक्कामही तिथेच. उलट्या क्रमाचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे येईल.

एकच गाईड की ठिकठिकाणी वेगळा?

तिन्ही ठिकाणी तासा-दोन तासांसाठी स्थानिक गाईड मिळू शकतो. हातात एकच दिवस असेल, सोबत लहान मुलं असतील आणि मुख्य हेतू बदामीजवळच्या बनशंकरी देवीचं दर्शन असेल, तर फक्त बदामीच्या लेण्यांपुरता गाईड घेतला तरी चालतं. पण दीड-दोन दिवस असतील तर एकच माणूस घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही तिन्ही ठिकाणं म्हणजे एकच गोष्ट आहे. ऐहोळ्यात चालुक्यांच्या कारागिरांनी देऊळ कसं बांधायचं याचे नाना प्रयोग केले, बदामीत डोंगर कोरला आणि पट्टदकलला आठव्या शतकात ते सगळं परिपक्व झालं. तीन वेगळे गाईड घेतले की प्रत्येक जण चालुक्यांच्या वंशावळीपासून सुरुवात करतो. पुलकेशी राजाचं नाव तिसऱ्यांदा कानावर आलं की मुलं गाडीकडे पळतात.

माणूस शोधायचा कुठे

हॉटेलच्या मालकाला किंवा काउंटरवरच्या माणसाला आदल्या दिवशी विचारा. तिकीट खिडकीजवळही गाईड उभे असतात, पण शनिवार-रविवारी, नाताळच्या सुट्टीत आणि पौष महिन्यात बनशंकरीच्या जत्रेच्या दिवसांत सकाळी दहानंतर अनुभवी माणूस मोकळा सापडणं कठीण. ड्रायव्हरने आणलेला गाईड वाईटच असतो असं मुळीच नाही. मात्र त्यात ड्रायव्हरचा वाटा असू शकतो, म्हणून रक्कम ठरवताना थेट गाईडशी बोला.

ओळखपत्र मागायला संकोच करू नका. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो. त्यावर फोटो, नाव, देणारं खातं (केंद्राचं पर्यटन मंत्रालय, कर्नाटकाचं पर्यटन खातं किंवा पुरातत्त्व खातं) आणि मुदत एवढं पाहा. मुदत हमखास पाहायची राहते. आणखी एक काळजी: आधीच फोनवर कुणाशी ठरलं असेल, तर प्रवेशद्वारापाशी पुढे येणाऱ्या इतरांना लगेच तसं सांगा. बऱ्याच ठिकाणी गाईडांमध्ये पाळी लावलेली असते. तुम्ही दोघांनाही ‘बघू’ म्हणालात, तर भांडण त्यांच्यात लागतं आणि तुमचा वेळ जातो.

फोनवर काय बोलायचं

भाषेपासून सुरुवात करा. बदामीत कानडी, हिंदी आणि इंग्रजी बोलणारे गाईड असतात; मराठी येणारेही काही भेटतात. पण ‘मराठी येतं का?’ या प्रश्नाला ‘हो, थोडं थोडं’ हे उत्तर सगळेच देतात. त्याऐवजी म्हणा, ‘पहिल्या लेण्याविषयी दोन मिनिटं मराठीत सांगा बरं.’ दोन मिनिटांत कळतं. मोडकं मराठी ऐकत बसण्यापेक्षा चांगलं हिंदी केव्हाही बरं. आजी-आजोबांना हिंदीतली गोष्ट समजते, इंग्रजीतलं स्थापत्य समजेलच असं नाही.

मग एक साधा प्रश्न विचारा: ऐहोळ्याच्या दुर्गा मंदिराचं नाव कशावरून पडलं? ‘दुर्गादेवीचं देऊळ आहे म्हणून’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाचा अभ्यास कच्चा आहे. ते नाव दुर्ग, म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीवरून आलं आहे. परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. घरात कुणाला कुतूहल आहे, अशा सुरात विचारलं की समोरचा मोकळेपणाने बोलतो.

यानंतर घरच्यांची माहिती नेमकी द्या. ‘आम्ही फॅमिली आहोत’ एवढ्यावरून त्याला काहीच कळत नाही. मोठे किती, मुलं किती वर्षांची, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला दुपारी औषधाआधी जेवावं लागतं, हे सांगा. बदामीची चार लेणी एकाहून एक वर आहेत, मध्ये उंच दगडी पायऱ्या. ऐहोळ्याची मेगुती टेकडीही चढून जावी लागते. पट्टदकल मात्र सगळं सपाट, हिरवळीतलं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला बदामीत पहिलं लेणं नीट दाखवावं, बाकीच्यांनी वर जाऊन यावं, त्या वेळात त्यांना सावलीत बसवावं, अशी आखणी गाईड आधीच करू शकतो, पण आधी कळलं तरच.

पैसे आणि वेळ

सर्वसाधारण पद्धत अशी की अर्धा दिवस म्हणजे चार तास, पूर्ण दिवस म्हणजे आठ, आणि रक्कम गटाची असते, माणशी नव्हे. ‘गटाचेच ना?’ हे उच्चारून विचारा. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, कारण एक जण गटाचा आकडा बोलतो, दुसरा माणशी समजतो आणि दोघंही खरं बोलत असतात. गटात दहाहून जास्त माणसं असली तर दर वाढू शकतो. ठरलं की एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: तारीख, भेटण्याची वेळ आणि जागा, कोणती ठिकाणं, किती तास, भाषा, एकूण रक्कम, परतीची सोय. तेवढा एक मेसेज पुरतो.

पुरातत्त्व खात्याची तिकिटं वेगळी असतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. पार्किंग तुमच्याकडे. पूर्ण दिवस असेल तर गाईडचं जेवण तुमच्यासोबत धरा, ते सगळ्यांनाच सोयीचं पडतं. आगाऊ रक्कम द्यायचीच झाली तर थोडी द्या, बाकी शेवटी. रेंज जाते, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवा. दुकानांत जायचं नसेल तर तेही सकाळीच शांतपणे सांगा. इलकल साड्या पाहायच्या असतील तर त्यासाठी वेळ आणि जागा तुम्ही ठरवा.

बदामी आणि ऐहोळ्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. ट्रायपॉड लावून फोटो काढायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. गाईडला ‘तुम्ही बघा ना जरा’ म्हणून त्यात ओढू नका.

पहिली पंधरा मिनिटं

चांगला गाईड ओळखायची जागा म्हणजे बदामीचं पहिलं लेणं. बाहेर उजव्या हाताला अठरा हातांचा नटराज आहे. बहुतेक गाईड सांगतात, यात ८१ मुद्रा आहेत. म्हणजे काय? उजवीकडचे नऊ हात, डावीकडचे नऊ हात. उजवा कोणताही एक आणि डावा कोणताही एक धरला की नृत्याची एक मुद्रा, नऊ नव्वे ८१. नुसता आकडा फेकून पुढे निघणारा गाईड आणि मुलांकडून हात मोजून घेऊन, एक जोडी त्यांना स्वतःच्या हातांनी करायला लावणारा गाईड, यांत फरक आहे. याच लेण्याच्या डाव्या बाजूला द्वारपालाच्या खाली बैल आणि हत्ती एकाच डोक्यात कोरलेले आहेत. तळहाताने एक धड झाकलं की हत्ती दिसतो, दुसरं झाकलं की बैल. गाईडने उत्तर आधीच न सांगता मुलांना तिथे दोन मिनिटं उभं केलं, तर समजा माणूस चांगला मिळाला.

तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा शिलालेख आहे, शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८. एवढी नेमकी तारीख असलेली लेणी फार नाहीत. गाईडने हा लेख नुसता बोटाने न दाखवता त्याचं महत्त्व सांगावं, अशी अपेक्षा ठेवा.

काही गाईड कोणत्या सिनेमाचं शूटिंग कुठे झालं हेच सांगत राहतात, कारण बऱ्याच पर्यटकांना तेच आवडतं असा त्यांचा अनुभव असतो. त्यात त्यांची चूक नाही. पंधरा मिनिटांत तुम्हीच म्हणा, ‘आम्हाला मूर्ती वाचायला शिकवा. हा वराह कशावरून, हा हरिहर कशावरून, ते सांगा.’ बहुतेकांचा सूर लगेच बदलतो. दंतकथांचंही तसंच. परशुरामाने ऐहोळ्याला परशू धुतला आणि मलप्रभेचं पाणी लाल झालं ही गोष्ट जरूर ऐका, मुलांना ती आवडते. फक्त गाईडने कथा ही कथा म्हणून आणि इतिहास हा इतिहास म्हणून सांगायला हवा. दोन्हींची मिसळ करू लागला तर सरळ विचारा, ‘हे लेखात आहे की लोक सांगतात?’

मराठी माणसाने काय मुद्दाम मागावं

मेगुतीच्या जैन मंदिरावर रविकीर्तीचा लेख आहे, शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४. त्यात दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवल्याचा उल्लेख आहे, कालिदास आणि भारवी या कवींची नावं आहेत, आणि पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा (महाराष्ट्राच्या तीन भागांचा) स्वामी झाला असंही म्हटलं आहे. टेकडी चढायची म्हणून गाईड हे ठिकाण गाळतात. चढ झेपणारी मंडळी असतील तर आग्रह धरा, आणि सकाळीच चढा. उन्हाळ्यात दुपारी तो दगड भाजतो. उलट्या क्रमाचा तो फायदा हाच: ऐहोळे सकाळी, थंड वेळेला होतं.

पट्टदकलला ‘सगळी देवळं दाखवतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. तासा-दीड तासात सगळी पाहिली तर एकही लक्षात राहत नाही. आधी एका जागी उभं राहून दोन शिखरं शेजारी शेजारी दाखवायला सांगा: गळगनाथाचं उत्तरेकडच्या नागर धाटणीचं, वर निमुळतं होत जाणारं, आणि संगमेश्वराचं दक्षिणेकडचं, मजल्यामजल्यांचं. हा फरक डोळ्यांना कळला की बाकीची देवळं मुलं स्वतः ओळखतात. मग उरलेला वेळ विरूपाक्षाला द्या. विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली, त्याची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीने हे देऊळ बांधवलं. मुख्य स्थपतीचं, गुंड अनिवारिताचारीचं, नाव लेखात आहे. वेरूळचं कैलास पाहिलं असेल तर इथे त्याची ठेवण ओळखीची वाटेल. आत खांबांवर रामायणाचे प्रसंग आहेत, पण जाळ्यांतून येणारा उजेड कमी पडतो. टॉर्च तुमच्याजवळच असू द्या. इथे अजून पूजा होते, पायताण बाहेर काढावं लागतं. भर दुपारी तळपाय पोळतात, म्हणून मुलांना मोजे घालून आणा.

माकडं आणि बनशंकरी

बदामीच्या लेण्यांपाशी माकडं सराईत आहेत. बिस्किटाचा पुडा, केळी, कॅरीबॅग हातात दिसली की ओढतात, कधी चष्माही. खाणं गाडीतच ठेवा, पाण्याची बाटली बॅगेत. मुलांनी दात दाखवून हसू नये, रोखून पाहू नये आणि पळू नये, हे गाईडकडून सांगून घ्या. परक्या माणसाचं मुलं लवकर ऐकतात.

बनशंकरी बदामीपासून सुमारे पाच किलोमीटर. ती कुलदेवता असेल आणि ओटी, अभिषेक करायचा असेल, तर ते देवळातल्या गुरुजींशी वेगळं ठरवा आणि तेवढा वेळ गाईडच्या तासांत धरू नका. तो बाहेर तासभर ताटकळतो, त्याचं घड्याळ चालू राहतं आणि शेवटी लेण्यांचा वेळ कापला जातो. आदल्या संध्याकाळी किंवा भल्या पहाटे दर्शन उरकून मग गाईडला बोलवा.

दिवस संपताना ठरलेली रक्कम सगळ्यांदेखत द्या, वर काही द्यायचं असेल तर ते वेगळं, हातात. त्याला बसस्थानकापर्यंत सोडा. मग सूर्य कलता असताना घरचेच मिळून बदामीतल्या अगस्त्य तळ्याच्या काठाने भूतनाथाच्या देवळापाशी जाऊन बसा. देवळाचं तोंड तळ्याकडे, पश्चिमेला आहे. दिवसभरात ऐकलेलं मुलं आपसात सांगू लागतील, ते सांगू द्यात.